गॅलरीत वाढलेली रोपं प्लॉटवर नेली की माना टाकतात : काय बिघडतं आणि काय करायचं

तक्रार दरवर्षी तीच. नाशिकच्या गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी, ग्रो लाइटखाली टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं छान हिरवीगार वाढतात. मग एका शनिवारी ट्रे गाडीच्या डिकीत, आणि थेट गिरणारे, मखमलाबाद नाहीतर दिंडोरी रोडला घेऊन ठेवलेल्या दोन-चार गुंठ्यांवर. लावून निघताना सगळं उभं असतं. पुढच्या रविवारी जाऊन बघावं तर निम्मी आडवी, उरलेल्यांची पानं पांढरी, आणि बांधावरून शेजारचे दादा विचारतात, "साहेब, रोप कुठनं आणलं होतं?" मग बियाण्याला शिव्या, मातीला शिव्या. पुढच्या हंगामात बियाणं बदलतं, कंपोस्टची गोणी बदलते, आणि रोपं परत तशीच मरतात.

बियाण्याचा यात क्वचितच दोष असतो. घरात वाढलेलं रोप उघड्यावर राहायला तयार झालेलं नसतं. त्यात आपण आठवड्यातून एकदाच जाणार, म्हणजे लावल्यावर त्याला सावरायलाही कोणी नाही. रोज जाणारा शेतकरी जी काळजी लागवडीनंतर घेतो, ती आपल्याला लागवडीच्या आधीच उरकावी लागते. खालची सगळी खटपट त्यासाठी आहे.

आधी एक रोप उपटून बघा

फवारणीचा पंप हातात घ्यायच्या आधी लक्षण नीट बघा. बहुतेक वेळा औषधाची गरजच नसते.

वरच्या, उन्हाकडे तोंड असलेल्या पानांवर कागदासारखे पांढरे कोरडे चट्टे, आणि तेही लावल्यापासून दोन-तीन दिवसांत, म्हणजे ऊन लागलंय. हा रोग नाही. ते चट्टे परत हिरवे होणार नाहीत, पण शेंडा हिरवा असेल तर रोप जगेल. जळकी पानं तोडायची घाई करू नका. अर्धं पान जरी हिरवं असलं तरी ते रोपाला पोसतंय, नवी पानं येईपर्यंत ते राहू द्या.

दुपारी माना टाकतं आणि ऊन उतरलं की उभं राहतं, असं असेल तर मुळांनी अजून बाहेरची जमीन धरलेली नाही. चार-सहा दिवस हे चालणारच. इथेच बहुतेकांचा हात सुटतो आणि पाण्यावर पाणी दिलं जातं. काळ्या जमिनीत मग मुळांना हवा मिळत नाही, आणि तहानेने नव्हे तर गुदमरून रोप जातं.

सकाळी सातलाही मान खालीच असेल तर मात्र एका रोपाचा बळी द्या. खुरपीने मुळांभोवतीच्या गड्ड्यासकट उचला आणि गड्डा हातात दाबून बघा. भोवतीची माती ओली पण कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गड्डा हलका, कोरडाठाक निघाला तर पाणी आत पोचलेलंच नाही. गड्डा चिकचिकीत, मुळं तपकिरी आणि ओढली की साल हातात येते, कुबट वास येतो, तर मूळकूज. गड्ड्याबाहेर पांढरी टोकं डोकावताना दिसली तर काहीही करू नका, माती परत लोटा आणि घरी जा.

रोप जमिनीलगत आडवं झालं असेल तर बुंधा बघा. मातीच्या रेषेशी तो दोरीसारखा बारीक, पाणचट, काळपट झाला असेल तर ती मर, बुरशीची. बुंधा कात्रीने कापल्यासारखा साफ तुटला असेल आणि रोपाचा वरचा भाग शेजारीच पडला असेल, तर रात्रीची कुरतडणारी अळी. बुंध्याभोवतीची इंचभर माती उकरली तर राखाडी, जाडसर अळी वेटोळं करून बसलेली सापडते. तिला चिरडा. औषधाची बाटली उघडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि बुंधा मधूनच मोडला असेल तर तो वाऱ्याने मोडलाय, म्हणजे रोप घरातूनच लुकडं आलं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी टोमॅटोची पानं बारीक होऊन वर वळायला लागली, रोप खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्यावर इलाज नाही. रोप उपटा, पिशवीत घाला आणि प्लॉटबाहेर न्या. मिरचीत मात्र लगेच विषाणूचं नाव घेऊ नका. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड, असा साधा हिशोब आधी लावून बघा. पान उलटं करून भिंगाने पाहिलं की कळतं.

घरातल्या पानाचं काय चुकतं

भर दुपारचं उघड्यावरचं ऊन साधारण १ लाख लक्सच्या घरात असतं. खिडकीशी, थेट ऊन नसेल तर, त्याच्या काही टक्केच उजेड मिळतो. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, पानाला जाणवतो. कमी उजेडात वाढलेलं पान मोठं, पातळ आणि मऊ होतं, त्यावरचा मेणाचा थर विरळ राहतो. शिवाय खिडकीची काच अतिनील किरणांतला बराचसा तिखट भाग अडवते, म्हणजे तो मार त्या पानाने कधी सोसलेलाच नसतो. वारा नसल्यामुळे बुंध्याला जाड व्हायचं कारण पडलेलं नसतं. रोज वेळेवर पाणी मिळत असल्यामुळे पानावरची रंध्रं चटकन मिटायची सवयही लागलेली नसते.

असं रोप एका दिवसात उन्हात, वाऱ्यात नेऊन ठेवलं की पानातून पाणी उडतं जास्त आणि मुळं ओढतात कमी. जमीन ओली असूनही रोप सुकतं ते यामुळे. हे एकदा ध्यानात आलं की "पाणी तर रोज घातलं हो" हे वाक्य आपोआप बंद होतं.

ग्रो लाइटवाल्यांना एक सांगणं. दिवा फार उंचावर टांगलेला असला की रोप त्याच्याकडे ताणलं जातं. एक वीत उंच, काडीसारखं बारीक आणि दोन पानांत लांबच लांब अंतर असलेलं रोप फोटोत छान दिसतं. प्लॉटसाठी मात्र बुटकं, जाड बुंध्याचं, गडद पानांचं रोप निवडा.

कणखर करायचा आठवडा

शेतकरी याला हार्डनिंग म्हणतात, रोप कणखर करणं. सात ते दहा दिवस लागतात, आणि हे टाळायचा कोणताही मार्ग नाही. पहिले दोन दिवस उन्हात अजिबात नाही, फक्त बाहेर सावलीत, वाऱ्यात. नंतर सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत. मग अकरापर्यंत. त्यानंतर ५० टक्के शेडनेटखाली दिवसभर, आणि शेवटचे दोन-तीन दिवस उघड्यावर, रात्रीसकट.

सकाळी साडेआठला अंबड किंवा सातपूरला कामाला निघणाऱ्याने नऊला ट्रे आत कोणी घ्यायचे? पूर्वेची गॅलरी असेल तर प्रश्न मिटला, ऊन आपोआप सरकतं. दहा-अकरानंतर ते निघून जातं आणि तेवढं पुरतं. पश्चिमेची गॅलरी असेल तर ते तीनचं ऊन वैरी आहे. तिथे शेडनेट दुहेरी लावा, तीन दिवसांनी एक थर काढा, आणखी तीन दिवसांनी दुसरा. शेडनेट नसेल तर जुनी पांढरी सुती ओढणीही चालते.

सोसायटीची गच्ची मिळत असेल तर ट्रे थेट स्लॅबवर ठेवू नका. एप्रिलमध्ये नाशिकच्या गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा, मग कळेल मुळांचं काय होतं ते. प्रो-ट्रेच्या, म्हणजे रोपांच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेच्या, एका कप्प्यात मूठभरही कोकोपीट नसतं, ते खालून तापून निघतं. दोन विटा आणि वर फळी, एवढ्याने काम होतं.

या आठवड्यात पाणी थोडं ताणा. पान किंचित मऊ पडेपर्यंत थांबून मग पोटभर द्या. संध्याकाळी घालून रात्रभर ट्रे चिंब ठेवायची सवय असेल तर ती सोडा, सकाळीच घाला. युरिया किंवा १९:१९:१९ हे विद्राव्य खत बंद. नत्र दिलं की परत तीच मऊ, लुसलुशीत वाढ सुरू होते. येता-जाता रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवत जा, दिवसातून दोनदा. वाऱ्यासारखं हलवलं की बुंधा जाड होतो. हे ऐकायला आजीबाईचं वाटेल, पण खरं आहे.

प्लॉटशेजारी ओळखीची रोपवाटिका असेल तर याहून सोपा उपाय आहे. ट्रे आठवडाभर त्यांच्या शेडनेटमध्ये ठेवायला विचारा. चार पैसे मागतील, द्या.

आणि वय. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांचं झालं की निघायला हवं, मिरचीला ३५ ते ४५ लागतात. "यंदा जरा मोठी करूनच लावू" हा विचार नडतो. मुळं कप्प्यात गोल फिरून गुंता करतात, आणि जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत बसतात. गुंता झालाच असेल तर गड्ड्याचा तळ बोटांनी हलकाच मोकळा करा. रोपावर फूल किंवा कळी आली असेल तर खुडून टाका. जीव खालीवर होतो, पण खुडा.

जमीन

निफाड-पिंपळगावकडे काळी, जड जमीन. सिन्नरच्या माळाकडे उथळ, मुरमाड आणि वाऱ्याची. त्र्यंबक-इगतपुरीकडे जाल तसा पाऊस कितीतरी पटींनी वाढत जातो. तिघांना एकच सल्ला लागू पडत नाही, पण फ्लॅटवाल्यांची सगळ्यात जास्त रोपं काळ्या जमिनीत मरतात, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त.

काळ्या मातीत फूटभर खड्डा खणून त्यात नुसतं कंपोस्ट-कोकोपीट भरायचं आणि रोप लावायचं, ही कुंडीची सवय आहे. पावसाळ्यात भोवतीची चिकणमाती पाणी झिरपू देत नाही, आणि तो खड्डा भरलेल्या बादलीसारखा होतो. मुळं त्यातच बुडतात. उन्हाळ्यात उलट होतं. भोवतीची कोरडी काळी माती गड्ड्यातलं पाणी ओढून घेते, स्वतः आकसते, गड्डा आणि जमीन यांत बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून खाली जातं, गड्डा कोरडाच. मघाशी उपटलेलं रोप आठवा.

म्हणून खड्डा नको, गादीवाफा करा. जमिनीपासून वीतभर उंच, कुजलेलं शेणखत सगळ्या वाफ्यात मातीशी मिसळलेलं. कच्चं शेणखत नको, वाळवी आणि मुळं खाणारी हुमणी अळी दोघींना आमंत्रण जातं. रोप लावायच्या आधी गड्डा पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत धरा. लावल्यावर भोवतीची माती तळहाताने घट्ट दाबा, आत पोकळी राहू देऊ नका. गड्ड्याचा वरचा पृष्ठभाग उघडा ठेवू नका, अर्धा इंच वाफ्यातली माती त्यावर यायला हवी. उघडा राहिलेला कोकोपीट वातीसारखं पाणी हवेत उडवतो.

टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल लावला तरी चालतो, खोडालाच मुळं फुटतात, लुकड्या रोपाला तर हा मोठाच आधार. मिरची आणि वांगं ट्रेमध्ये होतं त्याच खोलीवर ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो.

वाफसा, म्हणजे मातीत ना चिखल ना कोरड अशी बेताची ओल, असल्याशिवाय हात लावू नका. मूठभर माती घ्या, लाडू वळा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच बसला तर चहा प्या आणि परत निघा, त्या दिवशी लागवड नाही. रविवार वाया गेला म्हणून चिखलात लावलेली रोपं नंतर सगळा हंगाम वाया घालवतात. माती वाळली की मुळांभोवती वीट तयार होते.

आठवडाभर पाणी कोण घालणार

लावायची वेळ संध्याकाळची, ढगाळ दिवस असेल तर उत्तम. पहिले पाच-सहा दिवस प्रत्येक रोपाला पश्चिमेकडून सावली द्या. कडुनिंबाची किंवा करंजाची पानांसकट फांदी रोपाच्या पश्चिमेला तिरकी खोचली की झालं. पानं सुकत जातात तसं ऊन हळूहळू वाढत जातं. तुम्ही तिथे नसताना सावली आपोआप कमी करणारी याहून स्वस्त सोय मला माहीत नाही.

ठिबक बहुतेक जण टाकतात आणि त्यातच फसतात. पाण्याची टाकी मीटरभर उंच चौथऱ्यावर, टायमर लावला, लॅटरल (ड्रिपरच्या बारीक नळ्या) पसरल्या, ड्रिपरवर ताशी ४ लिटर लिहिलंय. तो ४ लिटरचा आकडा साधारण १ बार दाबाचा असतो. मीटरभर उंचीचा दाब फक्त ०.१ बार. साध्या ड्रिपरमधून मग ताशी सव्वा लिटरच्या आसपासच पाणी पडतं, आणि दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रिपर एवढ्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत. म्हणजे अर्धा तास लावलेला टायमर रोपाला दोन लिटर देतोय असं तुम्ही समजता, आणि मिळतं अर्ध्या लिटरच्या आसपास. ड्रिपरखाली वाटी ठेवा, दहा मिनिटांत किती साचतं ते मोजा, सहाने गुणा. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरला दोन्हीकडे मोजा. गाळणी लावल्याशिवाय टाकीतून लाइन काढू नका. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात, दर भेटीत दोन-चार उघडून बघायचे. उन्हाळ्यात खारी पाण्यासाठी नळ्या कुरतडतात. जवळ त्यांच्यासाठी एक पसरट भांडं भरून ठेवा, बरीच भांडणं मिटतात.

पाच-पंचवीस रोपंच असतील तर ठिबकचा पसारा कशाला? कच्च्या भाजणीची, न रंगवलेली मडकी कुंभाराकडून आणा, दोन रोपांत एक गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण. पाणी जमिनीला हवं तसं झिरपतं. रंगवलेलं किंवा चकचकीत मडकं झिरपत नाही, तेवढं बघून घ्या.

आच्छादन हवंच. उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा, वाळलेलं गवत, जे मिळेल ते तीन-चार इंच. बुंध्यापासून चार बोटं दूर ठेवा, नाहीतर मर आणि गोगलगायी दोन्ही येतात. बी धरलेलं गाजरगवत आच्छादनाला वापरू नका, पुढच्या वर्षी प्लॉट त्याच्याच मालकीचा होईल. वाळवीचा त्रास असलेल्या माळावर कोरड्या आच्छादनाला वाळवी लागते, तिथे थर पातळ ठेवा. प्लास्टिक मल्चिंग पेपरचं म्हणाल तर तण छान दबतं, पण मे महिन्यात काळ्या पेपरच्या भोकाला टेकलेला कोवळा बुंधा भाजतो. भोक मोठं ठेवा आणि चंदेरी बाजू वर.

महिना चुकला तर काहीच उपयोग नाही

आठवड्यातून एकदा जाणाऱ्यासाठी नाशिकला सगळ्यात सोपा काळ म्हणजे पहिला पाऊस चांगला पडून गेल्यानंतरचा, जूनअखेर ते जुलै. आभाळ भरलेलं, हवेत ओल, ऊन लागायचा धोका कमी. फक्त पश्चिमेचा वारा जोराचा असतो. वाफ्याच्या त्या बाजूला मक्याची किंवा ज्वारीची एक ओळ रोपांच्या तीन-चार आठवडे आधी टोकून ठेवा आणि प्रत्येक रोपाला पहिल्याच दिवशी काठी बांधा. पाऊस आला म्हणून ७ जूनलाच धावू नका, मधला कोरडा खंड दरवर्षी कोणाला ना कोणाला फसवतो.

ऑक्टोबरचं ऊन पाऊस संपल्यावर एकदम तापतं. लागवड महिनाअखेरीला ढकला. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या अशा बातम्या यायला लागल्या की घरातली उबदार टोमॅटो-मिरची बाहेर काढू नका. १० अंशांखाली ती नुसती उभी राहतात, वाढत नाहीत, पानाची खालची बाजू जांभळी पडते. ते स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्यासारखं दिसतं, पण जमिनीत स्फुरद असतंच, थंडीत मुळं ते उचलत नाहीत. खत टाकून उपयोग नाही. मार्च ते मे आठवड्याची फेरी असलेल्याने रोपं लावूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही गोष्टी घरात वाढवूच नका. भेंडी, गवार, मुळा, गाजर थेट जागेवर टोका. काकडी-दोडका-भोपळ्याला मुळं हलवलेली चालत नाहीत. घाई असेलच तर कागदी कपात लावा आणि कपासकट पुरा, तळ तेवढा फाडून.

पुढच्या रविवारी गेल्यावर

मर दिसली तर मेलेली रोपं मातीसकट काढा, तो ड्रिपर बंद करा, आणि शेजारच्या रोपांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी करा, म्हणजे ते पाण्यात कालवून मुळांशी ओता, १० लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम, पाकिटावरचं वाचून. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) द्यायचं असेल तर ते लागवडीच्या आधी शेणखतात मिसळून. तांब्याच्या औषधासोबत त्याच दिवशी देऊ नका, पैसे फुकट.

ऊन लागलेल्यांना काही करू नका, फांदीची सावली तेवढी नवी खोचा. खत नवीन दोन पानं फुटल्यावरच.

रिकाम्या जागा पहिल्या दहा-बारा दिवसांतच भरा. नंतर लावलेलं रोप आधीच्या सावलीत दबतं. त्यासाठी दर दहा रोपांमागे एक-दोन जास्तीची ट्रेमध्ये राखून ठेवा, पण ती घरात परत नेऊ नका. आत नेलेलं रोप आठवड्याभरात परत मऊ पडतं, आणि कणखर करायचा सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून. ती प्लॉटवरच, झाडाखाली, विटांवर ठेवा आणि ठिबकच्या शेवटच्या ड्रिपरची एक बारीक नळी ट्रेवर सोडून द्या.